वर्दी येण्यापूर्वी

बंबखान्यात प्रथमच पाऊल ठेवणाऱ्या माणसाला चकित करते ती तेथील शांतता. गाड्या रस्त्याकडे तोंड करून उभ्या असतात, खुंट्यांवर शिरस्त्राणे ओळीने टांगलेली असतात, वॉच रूममध्ये दूरध्वनीजवळ बसलेला इसम नोंदवहीत काही टिपून ठेवीत असतो, आणि मागच्या अंगणात कोणी होजच्या गुंडाळ्या सोडून वाळत घालीत असतो, तर कोणी जोडण्यांचे पितळ घाशीत असतो. ज्यांच्या शौर्याच्या हकिकती आपण वर्तमानपत्रांत वाचतो, त्या माणसांच्या नोकरीचा फार मोठा हिस्सा अशा प्रतीक्षेत जातो. ती प्रतीक्षा केव्हा संपेल हे कोणालाच ठाऊक नसते. आगीच्या खबरेला दलातील माणसे ‘वर्दी’ म्हणतात. ती आली की घंटा घणघणते, आणि क्षणापूर्वी चहाचा पेला हाती धरलेला माणूस गाडीत चढून कोटाची बटणे लावू लागतो. या दोन अवस्थांमधले अंतर एका उडीत ओलांडण्याचे बळ त्याच्या ठायी कोठून येते, ते वीस-पंचवीस वर्षांच्या नोकरीत टिकते कसे, आणि ते टिकवण्यात त्याच्या तुकडीच्या नायकाचा वाटा किती, हा या प्रकरणाचा विषय आहे.

माझे मत मी आरंभीच सांगून टाकतो. आगीत मनोबल खर्च होते. त्याची साठवण होते ती बंबखान्यातल्या रिकाम्या दिवसांत. आगीच्या तोंडावर दिलेला हुकूम जवान मानतो तो हुकमाच्या आवाजामुळे नव्हे. तो देणाऱ्याला त्याने मधल्या शेकडो मामुली दिवसांत पारखून घेतलेले असते म्हणून. ज्या अधिकाऱ्याने हे दिवस हजेरी घेण्यात आणि दप्तरावर सह्या करण्यातच घालवले, त्याला ऐन प्रसंगी उसने आणता येईल असे काही शिल्लक राहत नाही.

एका मध्यम वस्तीच्या शहरातील बंबखान्यात मी एकदा एक संपूर्ण सकाळ बसून होतो. नव्याने भरती झालेला एक मुलगा ब्रँच धरायला शिकत होता. 63 मिलिमीटर व्यासाच्या होजमधून पंपाने रेटलेले पाणी ब्रँचच्या तोंडातून सुटते, तेव्हा ते जितक्या जोराने पुढे जाते तितक्याच जोराने धरणाऱ्याला मागे ढकलते, आणि हा रेटा किती असतो याची कल्पना नुसते पाहणाऱ्याला येत नाही. मुलगा शेतात वाढलेला, अंगाने मजबूत. त्याने हात ताठ धरले, पाय जुळवून उभा राहिला आणि पाणी येताच मागे कोलमडला. ब्रँच सुटून भुईवर आपटली, होज सापासारखा वळवळला, बाजूला उभे असलेले दोघे-चौघे हसले. सब ऑफिसर पन्नाशीचे गृहस्थ होते. त्यांनी हात वर करून पंप बंद करवला, हसणाऱ्यांकडे एकदा पाहिले, आणि मुलाला काही न बोलता स्वतः त्याच्या मागे जाऊन आपला खांदा त्याच्या पाठीला टेकवला. “हात ताठ नको. कोपर कमरेला लाव, अंगाचा भार पुढे टाक. मी मागे आहे. आता पाणी कधी सोडायचं ते तू सांग,” इतकेच ते म्हणाले. मुलाने पाय फाकवून पवित्रा घेतला, दोनदा श्वास घेतला, आणि ओरडला, “पाणी!”

तीन वेळा असे झाले. चौथ्या वेळी सब ऑफिसरांनी खांदा काढून घेतला आणि ते मुलाला कळलेही नाही. पाचव्या वेळी त्यांनी त्याच्यानंतर भरती झालेल्या दुसऱ्या मुलाला पुढे बोलावले आणि पहिल्याला म्हणाले, “आता याला तू शिकव.” अध्यापनशास्त्रावरील एखाद्या ग्रंथाने अनेक प्रकरणे खर्ची घालून जे सांगितले असते, ते त्या अर्ध्या तासात माझ्या डोळ्यांसमोर घडले होते. पाणी सोडण्याचा हुकूम मुलाच्या तोंडी दिल्याने जी गोष्ट त्याच्यावर कोसळणार होती तीच त्याच्या इच्छेने आली; खांद्याच्या आधाराने तो एकटा नाही याची खूण पटली; आणि दुसऱ्याला शिकवायला सांगितल्याने आपल्याला काही येते ही जाणीव झाली. मानवी प्रेरणेचा अभ्यास करणारे एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन हे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ माणसाच्या ज्या तीन मूलभूत गरजा सांगतात, त्या म्हणजे स्वतःच्या इच्छेने वागण्याची, काही साधते असे वाटण्याची आणि आपल्या माणसांत असण्याची, त्या तिन्ही येथे भागल्या होत्या. सब ऑफिसरांनी या विद्वानांची नावेही ऐकली नसावीत. परंतु त्यांना त्यांच्या उमेदवारीत कोणीतरी असाच खांदा दिला असणार.

या सकाळच्या कवायतीचे कूळ शोधू गेल्यास आपण स्कॉटलंडमधील एडिंबरो शहरी जाऊन पोहोचतो. 1824 साली त्या शहराने आपले स्वतःचे अग्निशमन दल उभारले आणि त्याचे आधिपत्य जेम्स ब्रेडवुड नावाच्या चोवीस वर्षांच्या तरुणाकडे सोपवले. दल सिद्ध होऊन थोडेच दिवस झाले होते, तोच नोव्हेंबरात त्या शहराच्या इतिहासातली सर्वांत मोठी आग लागली आणि अप्रशिक्षित माणसांचे कसे हाल होतात हे ब्रेडवुडने प्रत्यक्ष पाहिले. त्यानंतर त्याने जी घडी बसवली ती आजही जगभरच्या दलांत ओळखू येते. माणसे त्याने निवडली ती छपरे शाकारणारे, सुतार, गवंडी, नळकाम करणारे अशा कारागिरांतून. कारण घर बांधणाऱ्याला घर कोसळते कसे हेही उमगते. कवायत तो पहाटे चार वाजता घेई. त्या वेळी रस्त्यावर बघ्यांची गर्दी नसे आणि अंधारात काम करण्याची सवय माणसांच्या हाडांत मुरे. धुरात शिरायचे ते जोडीने, एकट्याने कधीही नाही, कारण एकाला भोवळ आली तर दुसऱ्याने त्याला ओढून बाहेर आणावे, हा त्याचा दंडक होता. 1833 साली त्याला लंडनला बोलावून घेण्यात आले, आणि पुढील अठ्ठावीस वर्षे तो तेथील दलाचा प्रमुख होता. 22 जून 1861 रोजी टेम्स नदीकाठच्या टूली स्ट्रीटवरील वखारींना आग लागली. थकलेल्या माणसांची विचारपूस करीत ब्रेडवुड फिरत असता एक भिंत कोसळून तो तिच्याखाली गेला. दलप्रमुखाला मृत्यूने गाठले ते तो आपल्या माणसांचा हालहवाल घेत असताना, ही गोष्ट मला नेहमी अंतर्मुख करते.

ब्रेडवुडच्या जोडीच्या दंडकाचे आजचे रूप म्हणजे श्वसनसंचाची कवायत. पाठीवर दाबाखाली भरलेल्या हवेचे नळकांडे, तोंडावर मुखवटा, आणि हवा संपत आली की वाजणारी शिट्टी, असा हा संच असतो. नळकांड्यावर मिनिटांचा आकडा लिहिलेला असतो खरा, परंतु तो आकडा शांत माणसाचा आहे. जिना चढणारा, ओझे ओढणारा आणि त्याहूनही अधिक म्हणजे मनातून धास्तावलेला माणूस तीच हवा कितीतरी लवकर संपवतो. म्हणजे भय ही येथे केवळ मनाची अवस्था राहत नाही. दाबमापकाच्या काट्यावर ते दिसते. चांगला प्रशिक्षक मुखवट्याची काच झाकून जवानाला काळोख्या खोलीत सोडतो, भिंतीला हात लावून, गुडघ्यांवर सरकत, जोडीदाराला हाका मारीत बाहेर यायला सांगतो, आणि बाहेर आल्यावर “किती वेळ लागला?” हे विचारण्याआधी “किती हवा उरली?” असे विचारतो. महिन्याभराने त्याच खोलीत त्याच जवानाच्या नळकांड्यात अधिक हवा उरते. त्याला कोणी शूर हो म्हणून उपदेश केलेला नसतो; श्वास मोजायला शिकवलेले असते. मुंबई अग्निशमन दलाच्या ब्रीदात शौर्य, आत्मसंयमन आणि त्याग असे तीन शब्द आहेत. पहिला आणि तिसरा शब्द लोकांच्या डोळ्यांत भरतो. शिकवता येतो तो मधला, आणि उरलेले दोन त्याच्या आधाराने उभे राहतात.

नायक आणि तुकडी यांची आधी ओळख नसेल तर काय घडते, याचे मला ठाऊक असलेले सर्वांत हृदयद्रावक उदाहरण अमेरिकेतील मोंटाना प्रांतातले आहे. 5 ऑगस्ट 1949 रोजी मिसूरी नदीकाठच्या मान गल्च नावाच्या दरीत वणवा लागला होता. विमानातून छत्रीने उतरून वणवे विझवणाऱ्यांची पंधरा जणांची तुकडी तेथे उतरली. आधीपासून एकट्याने आगीशी झुंजत असलेला एक वनरक्षक त्यांना येऊन मिळाला. तुकडीचा नायक वॅगनर डॉज हा अनुभवी आणि मितभाषी गृहस्थ होता. त्या मोसमाच्या आरंभी इतरांचे प्रशिक्षण चालू असताना त्याला तळावरची दुसरी कामे दिलेली असल्यामुळे, ज्या माणसांचे प्राण त्या दुपारी त्याच्या हाती होते त्यांतील बहुतेकांशी त्याचा परिचय जेमतेम होता.

आग साधी वाटत होती. तुकडी नदीच्या दिशेने उतरू लागली, आणि मग डॉजला दिसले की आगीने दरी ओलांडली असून ती त्यांच्याच बाजूच्या वाळक्या गवतातून वर चढत त्यांच्याकडे येत आहे. त्याने सर्वांना मागे फिरवले आणि चढ चढायला लावले. काही अंतरावर त्याने अवजारे टाकून देण्याचा हुकूम दिला. काहींनी ती टाकली, काहींना ती टाकवेनात. आग माणसाच्या धावण्याहून वेगाने येत होती. तेव्हा डॉजने जे केले ते त्यांतल्या कोणीही पूर्वी पाहिलेले नव्हते: त्याने काडी ओढून पुढच्या गवताला स्वतःच आग लावली, ते गवत जळून गेलेल्या काळ्या पट्ट्यात तो शिरला, आणि माझ्यामागे या, येथे आडवे व्हा असे हातवारे करून ओरडू लागला. मोठ्या आगीला त्या पट्ट्यात जाळण्यासारखे काही उरणार नव्हते. उपाय अचूक होता. त्याच्या हाकेला कोणीही ओ दिली नाही. सारे त्याच्या बाजूने माथ्याकडे धावत सुटले. दोघे जण कड्यातील एका फटीतून पलीकडे जाऊन वाचले, डॉज राखेत पालथा पडून वाचला, आणि तेरा जण मृत्युमुखी पडले.

डॉजचे कौशल्य कमी पडले असे कोणी म्हणू शकणार नाही. त्या क्षणाला त्याच्या बुद्धीने जी झेप घेतली ती अलौकिक होती. परंतु आगीपासून पळणाऱ्या माणसाला ‘आगीत ये’ असे सांगणारा इसम वेडा की शहाणा, हे ठरवायला त्या मुलांपाशी काही सेकंद होते, आणि सांगणारा कोण आहे याची त्यांना पुरेशी ओळख नव्हती. कार्ल वाइक या अभ्यासकाने 1993 साली या दुर्घटनेवर लिहिलेल्या विवेचनात अवजारांच्या हुकमाकडे मुद्दाम लक्ष वेधले आहे. कुदळ-फावडे ही आग विझवणाऱ्याची केवळ साधने नसतात, ती त्याची ओळख असते. ती टाकून दे म्हटल्यावर आपण आता कोण उरलो, असा प्रश्न त्याच्यापुढे उभा राहतो, आणि तेथून तुकडीची तुकडी राहत नाही, सोळा सुटी माणसे होतात. 1957 साली अमेरिकेच्या वनखात्याने वणवे विझवणाऱ्यांसाठी दहा कायम आदेश ठरवून दिले, त्यांत हुकूम स्पष्ट द्या आणि तो समजला आहे याची खात्री करून घ्या, असा एक आदेश आहे. वाचायला तो अगदी मामुली वाटतो. मला मात्र तो वाचताना ती राखेतून मारलेली हाक ऐकू येते. समजण्याची खात्री त्या क्षणी करून घेता येत नाही. तळावरच्या संथ दुपारी डॉजने आपल्या मुलांना बसवून, वाळक्या गवतात वेढले गेलो तर काय करायचे, असा प्रश्न टाकला असता, तर त्या काडीचा अर्थ त्यांना उमगला असता.

आपल्याकडील अग्निशमन दलांच्या स्मृतीत खोल रुतलेला दिवस 14 एप्रिल 1944 हा आहे. मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत नांगरलेल्या ‘फोर्ट स्टिकिन’ या जहाजात सुमारे 1,400 टन स्फोटके आणि दारूगोळा होता, कराचीत चढवलेल्या कापसाच्या गाठी होत्या, लाकूड आणि तेल होते, आणि सोन्याच्या विटाही होत्या. दुपारी धूर दिसला. दलाचे जवान आले आणि जहाजाच्या पोटात पाणी ओतू लागले. याच वेळी जहाजाचे कप्तान, गोदीचे अंमलदार, लष्कराच्या दारूगोळा खात्याचे अधिकारी आणि अग्निशमन दलाचे प्रमुख यांच्यात खल चालला होता: जहाज जागीच बुडवावे, की गोदीबाहेर समुद्रात न्यावे, की आहे तेथेच आग विझवावी? प्रत्येकाच्या म्हणण्यात तथ्य होते आणि सर्वांवर चालेल असा हुकूम देण्याचा अधिकार एकाकडेही नव्हता. चार वाजून सहा मिनिटांनी पहिला स्फोट झाला, सुमारे अर्ध्या तासाने दुसरा. दूर सिमल्याच्या भूकंपमापकाने त्या हादऱ्याची नोंद घेतली. मृतांत दलाचे 66 जवान होते. त्यांच्या स्मरणार्थ 14 एप्रिल हा दिवस देशभर अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळला जातो आणि तेथून पुढे आठवडाभर अग्निसुरक्षा सप्ताह चालतो.

त्या 66 जणांनी डेकवर उभे राहून शेवटपर्यंत पाणी मारले, हे आपण अभिमानाने सांगतो, आणि सांगावेच. परंतु त्यांच्या निष्ठेचे ऋण मानायचे तर वरच्या अंमलदारांच्या त्या दुभंगलेल्या मसलतीचाही विचार केला पाहिजे. जवानाचे मनोधैर्य खचवणाऱ्या गोष्टींत आगीचा क्रमांक पुष्कळ खाली लागतो. दोन साहेबांचे दोन हुकूम ही गोष्ट फार वर आहे. म्हणून आजच्या दलांत घटनास्थळी सर्वाधिकार एका अधिकाऱ्याकडे असावा, आणि त्याहून वरिष्ठ आला तर ‘आता सूत्रे माझ्याकडे’ असे त्याने उघड सांगून ती घ्यावीत, असा शिरस्ता आहे. 1957 पासून नागपुरात असलेल्या राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालयासारख्या संस्थांतून अधिकारी घडतात ते या शिस्तीचे पाठ घेऊनच.

नायकाने धुरात शिरावे की बाहेर उभे राहावे, हा वाद या पेशात जुना आहे आणि तो सहजी मिटणारा नाही. 9 मे 2015 रोजी मुंबईत काळबादेवीतील गोकुळ निवास या जुन्या इमारतीला आग लागली, तेव्हा तेथे दलाचे वरिष्ठ अधिकारी स्वतः आघाडीवर होते. इमारत कोसळली. संजय राणे आणि महेंद्र देसाई हे अधिकारी त्यात गेले. गंभीर भाजलेले उपप्रमुख सुधीर अमीन आणि दलाचे प्रमुख सुनील नेसरीकर हे त्याच महिन्यात रुग्णालयात निवर्तले. आपल्या माणसांना जेथे पाठवायचे तेथे आपण आधी उभे असले पाहिजे, या भावनेपुढे मी नतमस्तक होतो. तरीही मला असे वाटते की या भावनेची जागा मुख्यतः कवायतीच्या मैदानावर असावी. तेथे शिडी उचलताना पहिला खांदा अधिकाऱ्याचा असावा, काळोख्या खोलीत पहिल्यांदा त्याने सरपटत जावे, आणि त्याची हवा किती उरली हे त्याच्या जवानांनी मोजावे. एकदा त्यांनी हे पाहिले म्हणजे ऐन आगीच्या वेळी तो रस्त्यावर, साऱ्यांना सापडेल अशा एका जागी, इमारतीच्या चारी बाजूंवर नजर ठेवून उभा राहिला तर त्यात भ्याडपणा कोणाला दिसत नाही. आत गेलेल्याला उलट धीर येतो की, आपल्याला भिंत दिसत नसली तरी ती कोणीतरी पाहते आहे.

ती पाहणारी नजर तयार कशी होते, याविषयी गॅरी क्लाइन या अमेरिकन संशोधकाने 1980 नंतरच्या दशकात अग्निशमन अधिकाऱ्यांबरोबर राहून फार उद्बोधक अभ्यास केला. त्याने नोंदवलेल्या एका प्रसंगात, घराच्या मागील बाजूस स्वयंपाकघरात लागलेल्या आगीवर एक अधिकारी आपल्या माणसांसह पाणी मारीत होता. आग हटेना. बैठकीची खोली असायला हवी त्याहून फार तापलेली होती, आणि इतक्या मोठ्या आगीचा आवाज मात्र येत नव्हता. काय बिनसले आहे हे सांगता येत नसतानाही त्याने सर्वांना बाहेर काढले, आणि लगेचच ते उभे होते ती जमीन खाली कोसळली. आग तळघरात होती. आपल्याला अतींद्रिय शक्ती आहे अशी त्या अधिकाऱ्याची प्रामाणिक समजूत होती. क्लाइनने त्याला प्रश्न विचारून विचारून त्या क्षणाची उकल केली: त्याने पूर्वी पाहिलेल्या आगींनी त्याच्या मनात एक आकृती तयार केली होती, आणि समोरची आग त्या आकृतीत बसत नव्हती.

माझ्या दृष्टीने येथे खरा बोध त्या विचारपुशीत आहे. असे ज्ञान प्रत्येक जुन्या फायरमनच्या अंगात असते, आणि कोणी विचारले नाही तर ते त्याच्याबरोबर सेवानिवृत्त होते. जो नायक जुन्या माणसाला नव्या मुलांसमोर बसवून “तू तेव्हा बाहेर का पडलास? काय दिसलं होतं?” असे विचारतो, तो नव्यांना शिकवतो आणि जुन्याला त्याच्या आयुष्याची किंमत परत देतो. ज्याची बढती रखडली आहे, ज्याच्या गुडघ्यांनी आता शिडी चढवत नाही, त्या माणसाला उमेद देणारे याहून समर्थ औषध माझ्या पाहण्यात नाही.

आगीपेक्षा बारीकसारीक वर्दींचीच संख्या मोठी असते, हे बाहेरच्यांना फारसे ठाऊक नसते. पावसाळ्यात झाड पडले, उद्वाहनात कोणी अडकले, रस्त्यावर तेल सांडून दुचाक्या घसरू लागल्या, नाल्यात म्हैस पडली, संक्रांतीनंतर मांज्यात पाय गुंतलेला कावळा तारेवर फडफडतो आहे, या साऱ्यांसाठी घंटा वाजते. शिवाय खोट्या वर्दी असतातच. कावळ्यासाठी शिडी लावायला आपण भरती झालो नाही, ही भावना तरुण जवानाच्या मनात शिरली की ती वाळवीसारखी पसरते, आणि मग खऱ्या आगीच्या वेळीही त्याचे पाय गाडीकडे अंमळ सावकाश वळतात. येथे नायकाची वृत्ती निर्णायक ठरते. कावळ्यासाठी लावलेली शिडीही जर तो दोराच्या गाठीपासून पायाच्या टेकणापर्यंत तपासून लावून घेत असेल, आणि परतताना कोणाची कोणती गाठ आज चांगली बसली हे नाव घेऊन सांगत असेल, तर ती वर्दी सर्वांत स्वस्तात मिळालेली कवायत होते. नुसत्या ‘शाब्बास’ला जवान फार किंमत देत नाहीत, ‘आज तू होज जिन्याच्या कठड्याबाहेरून घेतलास म्हणून तो अडकला नाही’ हे वाक्य मात्र वर्षभर पुरते. आणि रजेचा अर्ज दप्तरात धूळ खात पडू न देणे, फाटके हातमोजे बदलून मिळेपर्यंत वरच्या कचेरीचा पाठपुरावा करणे, सणाच्या दिवशीची पाळी दरसाल त्याच माणसाच्या माथी न मारणे, या गोष्टी ज्याला क्षुल्लक वाटतात त्याने तुकडीचे आधिपत्य पत्करू नये, असे मी निक्षून म्हणेन.

सर्वांत अवघड ती रात्र, जिच्यात वाचवायला गेलेले मूल वाचलेले नसते. 1983 साली जेफ्री मिचेल या अमेरिकन गृहस्थाने, जो स्वतः अग्निशमन आणि रुग्णसेवेत काम केलेला होता, अशा प्रसंगानंतर तुकडीला एकत्र बसवून मन मोकळे करवण्याची एक पद्धत बांधली आणि ती जगभर पसरली. पुढे झालेल्या काटेकोर परीक्षणांत असे आढळले की, घटनेनंतर एकदाच आणि सक्तीने घेतलेल्या अशा बैठकीने पुढील मानसिक आजार टळतो याला आधार मिळत नाही. यावरून बोलण्याचा उपयोग नाही असा निष्कर्ष काढणे घाईचे होईल. सक्तीचा उपयोग नाही, इतकेच त्यातून दिसते. कोणाला त्याच रात्री बोलावेसे वाटते, कोणाला तीन आठवड्यांनी होज गुंडाळता गुंडाळता. तो क्षण ओळखायला जवळ कोणीतरी नेहमीचे माणूस असावे लागते: जेवणाचा डबा न उघडता परत नेणारा कोण, एरवी गप्पिष्ट असून गाडीत गप्प बसू लागला तो कोण, हे ज्याच्या ध्यानात येते असे. आणि गरज भासल्यास त्याला डॉक्टरकडे घेऊन जाताना, त्याच्या सेवापुस्तकात त्याचा डाग लागणार नाही असा शब्द देऊन तो पाळणारा अधिकारी असावा लागतो.

वर ज्या सब ऑफिसरांचा उल्लेख केला, त्यांच्या बंबखान्यात त्याच दिवशी दुपारी एक वर्दी आली आणि संध्याकाळी गाडी परतली. भंगाराच्या गोदामाची आग होती. कोणी दगावले नव्हते. माणसे काजळीने माखलेली होती, तरी कोणी आंघोळीला गेले नाही. आधी नळकांडी बदलली गेली, टाकी भरली, ओले होज उतरवून त्यांच्या जागी कोरडे चढवले गेले, कारण पुढची वर्दी तुमच्या आंघोळीसाठी थांबत नाही. मग चहा आला आणि सारे अंगणातल्या ओट्यावर बसले. आपल्या लष्करी न्यायालयांत मत देताना सर्वांत कनिष्ठ सदस्याने आधी बोलायचे असा नियम आहे, कारण वरिष्ठ एकदा बोलला की कनिष्ठाचे मत त्याच्या ओठांतच राहते. सब ऑफिसरांना तो नियम माहीत होता की नाही, कोण जाणे. त्यांनी सकाळच्या त्या मुलाकडे पाहिले.

“तू सांग आधी. आज काय चुकलं?”

मुलगा गोंधळला. जरा वेळाने म्हणाला, “साहेब, मागच्या दाराला कुलूप होतं ते मला दिसलं होतं. मी सांगितलं नाही. म्हटलं, तुम्हाला दिसलंच असेल.”

“मला नव्हतं दिसलं,” सब ऑफिसर म्हणाले. ओट्यावर कोणी हसले नाही. “दहा मिनिटं आपण पुढूनच पाणी मारत बसलो ती त्यामुळे. माझी चूक ती. मी गाडीतून उतरल्यावर एक फेरी मारायला हवी होती.” मग त्यांनी खिशातून एक लहान वही काढली, चहाचा पेला खाली ठेवला, आणि मुलाला विचारले, “कुलूप आतून होतं की बाहेरून?”